सांबर टांगायचं यंत्र

आमच्या व्हर्नला चष्मा लागला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. छत्तीस वर्षं मी या माणसाशी संसार करतेय. नदीपलीकडच्या कुंपणावर बसलेला कावळा म्हातारा आहे की तरणा, हे ओट्यावर चहा पिता पिता सांगणारा हा माणूस. आणि एके दिवशी हाच मला म्हणतो, "ग्लेनिस, अलीकडे लांबचं धूसर दिसतं गं." मी म्हटलं, वय झालं. माझंही झालंय. विषय संपला.

चष्मा त्याने डॉक्टरकडून नाही आणला. मॅफ्रा गावातल्या औषधाच्या दुकानात दाराशी मांडणीवर टांगलेले असतात ना, वर्तमानपत्र वाचायचे, त्यातला एक उचलला. तो घातला की याला खरंच काही दिसेना. पायरी चुकायची, चहात टोमॅटो सॉस पडायचा. एकदा तर हा सरळ शेजारच्या लोरेनच्या गाडीत जाऊन बसला आणि मला म्हणाला, चल. मी मागे आमच्या गाडीत बसलेली. लोरेन बिचारी घाबरून गाडी चालू करायच्या बेतात होती.

पण आधी आमच्या टोळीचं सांगायला हवं, नाहीतर कुणाला काही कळायचं नाही. टोळीत माणसं चार. क्लॅरी हा म्होरक्या, चौऱ्याहत्तर वर्षांचा, नाकावर माशी बसू देत नाही. मग लेस, मग बेव्हन, आणि आमचा व्हर्न. एप्रिल ते नोव्हेंबर, शनिवार आला की वोनंगाटा नदीच्या अंगाला तळ पडायचा. कुत्री सांबराच्या मागावर सोडायची, चौघांनी चार वाटा धरून बंदुका घेऊन उभं राहायचं, सांबर ज्याच्या वाटेने उतरेल त्याने मारायचं. मी तळावर स्वयंपाक करते, कुत्र्यांना खाऊ घालते आणि या चौघांच्या थापा ऐकते. तिन्हीत सगळ्यात कष्टाचं काम तिसरं.

आमच्या टोळीत एक नियम आहे. क्लॅरीच्या बापाने घालून दिलेला, आणि क्लॅरी तो बायबलच्या वर ठेवतो. ज्याने सांबर पाडलं, त्यानेच ते टांगायचं. एकट्याने. दोर लावा, कप्पी लावा, वाटल्यास घोडा जुंपा, पण दुसऱ्या माणसाचा हात लागता कामा नये. आणि टांगलं कशाला म्हणायचं, तेही ठरलेलं. आतडी काढायची, मुंडकं मात्र धडावरच ठेवायचं, मागच्या पायांनी वर घ्यायचं, आणि त्याच्या नाकाखालून कुत्री सरळ उभी चालत गेली पाहिजे. गेली तर टांगलं. नाही गेली तर नाही टांगलं. जमिनीवर पडलेलं मांस खालून उबतं आणि सकाळपर्यंत वास मारायला लागतं, म्हणून हा नियम. तेवढं मला पटतं. एकट्यानेच का, ते मला कधी पटलं नाही, पण मला कुणी विचारलंही नाही.

ज्याला टांगता आलं नाही, त्याची बंदूक गेली. त्याने पुढे तळावर जाळ सांभाळायचा आणि कुत्र्यांची भांडी घासायची. स्टॅनचं तसंच झालं. चार वर्षांपूर्वी त्याने एक दांडगा नर पाडला, दोराला लोंबकळून लोंबकळून बिचारा अर्धमेला झाला, पण ते धूड काही हलेना. क्लॅरीने सरळ त्याच्या हातात जाळाचा चिमटा दिला. स्टॅनने एक हंगाम जाळ फुंकला. मग तो यायचाच थांबला. आता सेल गावी लेकीकडे असतो आणि पिंजऱ्यातले पोपट सांभाळतो.

दोन वर्षांपूर्वी व्हर्नची छाती उघडून शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरने बजावलं, दहा किलोच्या वर काही उचलायचं नाही. याने मला शपथ घातली, टोळीला सांगायचं नाही. टोळीला काय सांगायचं मग? तर म्हणे, ग्लेनिसच्या बहिणीकडे क्वीन्सलँडला गेलो होतो. मला क्वीन्सलँडला बहीण नाही. मला कुठेच बहीण नाही. पण एकदा थाप मारली की तिला खायला घालावं लागतं. दोन महिने कशाला राहिलात, तर बहीण आजारी होती. काय झालं होतं, तर पित्ताशय. बेव्हन स्वभावाने भोळा, त्याने तिच्यासाठी घरचा संत्र्याचा मुरंबा पाठवला, तोही दोन बरण्या. तेव्हापासून दर शनिवारी विचारतो, "बहीण कशी आहे?" मी म्हणते, "आहे आपली."

शस्त्रक्रियेनंतर व्हर्न परत टोळीत उभा राहिला आणि त्याचा नेम चुकायला लागला. आधी वारा फिरला. मग ऊन डोळ्यांवर आलं. मग डचेस मध्ये आली. डचेस ही आमची म्होरकी कुत्री, तिने आयुष्यात कधी कुणाच्या मध्ये पाऊल टाकलेलं नाही. मग डोळे, आणि मग तो चष्मा. बाकीच्या तिघांना आयतं खेळणं मिळालं. लेस म्हणायचा, "व्हर्न, तुझ्या वाटेवर सांबरांनी पाटी लावलीय, इकडून या, इथे धोका नाही." बेव्हन त्याच्या ताटात सॉसेज वाढताना सांगायचा, "हे बघ, हे इथे आहे, ताटात. उजवीकडे." व्हर्न हसायचा. मी मूर्ख. मी मनात म्हणत होते, बरंच आहे, याच्या हातून काही पडत नाही तेच चांगलं, उगाच ओढाताण नको जिवाला.

मार्चमधली गोष्ट. संध्याकाळी कोल्हा कोंबड्यांच्या खुराड्याकडे आला. मी स्वयंपाकघरातून ओरडले. व्हर्न ओट्यावर उठला, बंदूक उचलली आणि शंभर-सव्वाशे पावलांवर, कलत्या उजेडात, पळता कोल्हा एका गोळीत आडवा केला. मी बाहेर आले. त्याचा चष्मा टेबलावर, शब्दकोड्याच्या अंगावर पडलेला.

"चष्मा कुठाय?" मी विचारलं.

तो बंदूक टेकवून पायरीवर बसला. मी पण बसले. मग म्हणाला, "पाडलं तर टांगावं लागेल, ग्लेनिस. टांगता आलं नाही तर माझा स्टॅन होईल. नेम चुकला तर नुसते हसतात. हसू देत."

"म्हणजे दोन वर्षं तू मुद्दाम चुकवतोयस?"

"सोपं नसतं ते," तो म्हणाला. "एवढं मोठं जनावर, तीस पावलांवर उभं. चुकवायला फार नेम लागतो."

मला राग आला, खूप राग आला. मला सांगितलं नाही म्हणून आला, आणि त्याहून जास्त या गोष्टीचा आला की ज्या एका कामात हा माणूस पंचक्रोशीत पहिला होता, त्यात तो दोन वर्षं स्वतःचं हसं करून घेत होता आणि मी बाजूला सॉसेज तळत होते. दुसऱ्या दिवशी मी ठरवलं. नियमात कप्पी चालते, घोडा चालतो, मग यंत्रही चालेल. दहा किलोच्या आत राहून सांबर वर जाईल असं काहीतरी आणायचं. बाजारात असतंच. माणसाने चंद्रावर गाडी नेलीय.

व्हर्नचं म्हणणं, कप्पीच घेऊ. चार चाकांची कप्पी, जाड दोर, झाडाची फांदी, बस्स. त्याचा बाप तसाच टांगायचा. मी म्हटलं, तुझ्या बापाच्या वेळी झाडं जिवंत होती. वणव्यानंतर आमच्या डोंगरातल्या अर्ध्या फांद्या नुसत्या दिसायला फांद्या आहेत. वजन लावलं की सांबर खाली आणि फांदी तुझ्या डोक्यात. शिवाय चार चाकांची असली तरी दोर ओढायचा कुणी? तू ओढशील आणि मी परत हॉस्पिटलच्या बाकावर बसेन. कप्पी बाद.

मग तिपाई आणली. लोखंडी नळ्यांचे तीन पाय, वर आकडा, एका पायाला हाताने फिरवायचं रहाट. दुकानातला दाढीवाला म्हणाला, याच्यावर बैल टांगा. टांगला असता. पण तिपाईच चाळीस किलोची. ती गाडीतून उतरवायला दुकानातली दोन माणसं लागली, आणि घरी आल्यावर ती गाडीतच राहिली, कारण उतरवणार कोण? मी आणि लोरेनने मिळून शेवटी अंगणात उभी केली. दुसऱ्या दिवशी एक पाय माझ्या भोपळ्यांच्या वाफ्यात खचला आणि सगळं प्रकरण कपडे वाळत घालायच्या तारेवर कलंडलं. व्हर्न म्हणाला, "यंत्र उचलायला आधी एक यंत्र घ्यावं लागेल." तिपाई परत गेली.

तिसरी वस्तू मला स्वतःला सापडली. गाडीच्या मागे, जिथे ओढायची गाडी जोडतात ना, त्या खोबणीत बसवायचा एक उभा खांब आणि त्याच्यावर आडवा हात. दोन तुकडे, दोन्ही व्हर्नला उचलता येतील असे. खांबाला छोटं रहाट, दात्यांचं, मध्येच हात सोडला तरी मागे फिरत नाही. हँडल इतकं हलकं की मी करंगळीने फिरवलं. मला एकदम आवडलं. दाढीवाला सांगत होता, ताई, अडीचशे किलो घेतं, लेखी हमी आहे. मी म्हटलं, लेखी हमी तुमच्यापाशी ठेवा, मी घरी नेऊन बघते.

मी प्रत्येक वस्तू पारखून घेणारी. मी शेतावरचं मोठं निळं पिंप घेतलं, दोनशे लिटरचं, काठोकाठ पाणी भरलं. दोनशे किलो झाले. साफ केलेला सांबर नर त्याहून हलकाच भरतो. पिंपाला साखळी गुंडाळली, आकड्याला लावली आणि व्हर्नला म्हटलं, फिरव. त्याने फिरवलं. पिंप लिफ्टसारखं वर गेलं. त्याच्या कपाळावर घामाचा थेंब नाही. मग मी फिरवलं, एका हाताने, दुसऱ्या हातात चहाचा कप. लोरेन कुंपणावरून म्हणाली, "हे काय चाललंय?" व्हर्न म्हणाला, "पिंप वाळत घातलंय." कित्येक महिन्यांनी त्याने कुणाला तरी टोला दिला होता. मला इतकं बरं वाटलं की पिंप मी आणखी दोनदा वरखाली केलं. यंत्र पास, मी जाहीर केलं.

मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही ते घेऊन तळावर गेलो. व्हर्नने चष्मा घरी ठेवला. खांब बसवताना तिघंही भोवती जमले.

"हा फाशीचा खांब कुणासाठी?" बेव्हन म्हणाला. "ग्लेनिसने शेवटी ठरवलं वाटतं."

"सांबर टांगायला," व्हर्न म्हणाला.

"त्याला आधी सांबर पाडावं लागतं," लेस म्हणाला. "का तुझ्या चष्म्याला हे सांबर दिसतंय?"

क्लॅरीने खांबाभोवती एक फेरी मारली, रहाटाचे दाते बोटाने चाचपले, आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून हँडल तीन-चारदा फिरवून पाहिलं. माझं लक्ष होतं. मला वाटलं, खोड काढायला बघतोय. पुढे मी चहा देताना लेसही हळूच म्हणाला, "याला जोर किती लागतो गं?"

"तुला कशाला?"

"सहज विचारलं," तो म्हणाला आणि बिस्किट उचलून निघून गेला.

दहाच्या सुमाराला कुत्र्यांनी आवाज दिला. डोंगराच्या कुशीतून तो आवाज खाली खाली येत होता, व्हर्नच्या वाटेकडे. मी बटाटे सोलायचे थांबवले. मग एकच गोळी. मी वायरलेसजवळ जाऊन उभी राहिले. खरखर झाली आणि व्हर्नचा आवाज आला, "पडलं. नर आहे." मला रडूच आलं. बटाटे तसेच टाकले आणि निघाले.

मी पोचले तोवर तिघंही पोचले होते. वाटेच्या कडेला तो नर पडला होता, काळपट, मानेला आयाळ, शिंगं माझ्या हाताएवढी लांब. असं धूड आमच्या टोळीने दोन-तीन वर्षांत पाहिलं नव्हतं. व्हर्नने सगळं नीट, सावकाश केलं. पोट साफ केलं, गाडी तो सकाळीच खांबासकट वाटेवर घेऊन गेला होता, रहाटाच्या दोराने तो नर खांबाखाली ओढून आणला, मागच्या पायांत दांडी अडकवली. क्लॅरी बाजूच्या ओंडक्यावर बसून बघत होता, म्होरक्याने बघायचंच असतं. व्हर्नने हँडल धरलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि फिरवायला सुरुवात केली.

मागचे पाय वर गेले. पुट्ठा वर गेला. पाठ जमिनीवरून सुटली. बेव्हनच्या तोंडून शीळ निघाली. व्हर्नचा श्वाससुद्धा वाढला नव्हता. मी मनात म्हणत होते, बघा, बघून घ्या लेको. आणि मग टक्क असा आवाज झाला. आकडा आडव्या हाताला जाऊन टेकला होता. त्याच्या वर जायला जागाच नव्हती.

आणि खाली सांबराच्या खांद्यापुढचा सगळा भाग अजून जमिनीवर होता. मान आडवी, मुंडकं मातीत, शिंगं चिखलात रुतलेली. उताणा झोपलेला माणूस खाटेवरून पाय वर करतो तसं ते दिसत होतं. डचेस आली, तिने नाकाखालून जायला वाट शोधली. नाकाखाली माती होती. मग ती सांबराच्या तोंडाशी ऐसपैस बसली आणि त्याचं नाक चाटायला लागली.

मला एका क्षणात कळलं. पिंप माझ्या कमरेएवढं. सांबर मागच्या पायांपासून नाकापर्यंत दीड माणूस लांब. मी वजन मोजलं, रहाट मोजलं, घाम मोजला, आणि लांबी मोजलीच नाही. छत्तीस वर्षं सांबरं टांगलेली बघतेय मी. पिंपाला मान नसते, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

व्हर्न हँडल सोडेना. ते फिरत नव्हतं, तरी तो त्याच्यावर अंगाचा भार टाकत होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मी म्हटलं, "सोड." तो सोडेना. मी परत म्हटलं, "व्हर्न, सोड ते." क्लॅरी ओंडक्यावरून उठला. आता हा चिमटा देणार, मला वाटलं, आणि माझा तोल गेला.

"क्लॅरी, एक शब्द बोलू नकोस," मी म्हटलं. "हे यंत्र मी निवडलंय, चूक माझी आहे. आणि ऐकायचंच असेल तर सगळं ऐका. हा माणूस आंधळा नाही. याची छाती उघडून शिवलीय डॉक्टरांनी. दहा किलोच्या वर काही उचलता येत नाही, म्हणून दोन वर्षं मुद्दाम नेम चुकवतोय, तुम्ही याला चिमटा द्याल म्हणून. मला क्वीन्सलँडला बहीण नाही."

"मग माझा मुरंबा कुणी खाल्ला?" बेव्हन म्हणाला.

"मी खाल्ला. चांगला होता."

"ग्लेनिस," व्हर्न एवढंच म्हणाला, अगदी हळू. त्याने हँडल सोडलं होतं आणि तो कुणाकडेच बघत नव्हता. मला वाटलं, मी याला वाचवायला आले आणि सगळ्यांसमोर नागवं करून ठेवलं.

लेस बुटाने माती उकरत होता. क्लॅरी खांबाजवळ गेला, त्याने हँडलवर हात ठेवला आणि सांबराकडे बघत व्हर्नला विचारलं, "फिरवताना छातीत कळ येते?"

"नाही."

"आणि कमरेत?"

"कमरेचा काय संबंध?" व्हर्न म्हणाला.

क्लॅरीने सदरा वर केला. आत हा रुंद पट्टा बांधलेला, आतडं उतरतं त्याला बांधतात तसला. "तीन वर्षं झाली," तो म्हणाला. "तीन वर्षांत मी ज्याच्यावर नेम धरला, त्याला मारलेलं नाही."

तेवढ्यात लेस म्हणाला, "माझा खांदा. उजवा. डोक्याच्या वर हात जात नाही."

"मागच्या वर्षी तू ती मादी पाडलीस की," बेव्हन म्हणाला.

"ती माझ्या बायकोहून हलकी होती. आधी नीट बघून घेतली मी."

मग तिघांनी बेव्हनकडे पाहिलं. "गुडघे," तो म्हणाला. "दोन्ही. मी तर आभाळातच मारतो. चुकूनसुद्धा लागू नये म्हणून."

आता मला सांगा, यावर माणसाने हसावं की एकेकाच्या मुस्काटात द्यावी? चार म्हातारे, चार बंदुका, आणि सगळ्या डोंगरात एक जनावर यांच्या हातून मरत नव्हतं. सांबरं तिकडे लेकुरवाळी होत होती. आणि वर यांनी व्हर्नच्या डोळ्यांवर एवढे विनोद केले, कारण सगळे त्याच्याकडे बघत असेपर्यंत यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. मी ते तोंडावर बोलले. बोलायचं कशाला सोडू? "शनिवारी शनिवारी मी चार खोटारड्यांना रांधून घालतेय," मी म्हटलं. "आणि बिचाऱ्या स्टॅनला तुम्ही घालवलंत."

क्लॅरीने सदरा खाली ओढला. "स्टॅनने खराच नेम धरला होता," तो म्हणाला. "आपल्यात तो एकटाच." आणि नाक शिंकरायचं निमित्त करून त्याने तोंड फिरवलं. क्लॅरीला असं मी त्याच्या बापाच्या दफनाच्या वेळीही पाहिलं नव्हतं.

ऊन चढायला लागलं होतं आणि सांबर तसंच अर्धं लटकलेलं. मांस कुणाच्या लाजेसाठी थांबत नाही. क्लॅरी गाडीकडे गेला आणि शौचाचा खड्डा खणायची कुदळ घेऊन आला. सांबराच्या मुंडक्याशी त्याने ती मातीत घातली.

"हे काय?" व्हर्न म्हणाला. "नियमात दुसऱ्याचा हात नको."

"मी सांबराला हात लावलाय का? मी खड्डा खणतोय," क्लॅरी म्हणाला. "कुत्री नाकाखालून गेली पाहिजे एवढंच बापाने सांगितलं. जमीन कुठे असावी ते नाही सांगितलं."

पाच-सहा घाव घातले आणि कमरेवर हात ठेवून तो वाकडा झाला. बेव्हनने कुदळ घेतली, त्याने उभ्यानेच जेवढं जमलं तेवढं उकरलं, वाकायला गुडघे तयार नव्हते. लेसने डाव्या हाताने माती लोटली. व्हर्नने मागितली तेव्हा मी दिली नाही, मीच खणलं, आणि खरं सांगायचं तर निम्मा खड्डा माझाच आहे. चौघं कण्हत, एकमेकांना तुझं काही खरं नाही म्हणत, तासभर त्या खड्ड्याभोवती होते. शेवटी मान सरळ झाली, शिंगं मोकळी झाली, मुंडकं खड्ड्यात लोंबायला लागलं. डचेसला एका बाजूने उतरवलं. ती नाकाखालून उभी चालत गेली आणि दुसऱ्या बाजूने वर आली.

"टांगलं," क्लॅरी म्हणाला. व्हर्नने मान हलवली. जेवताना कुणी कुणावर विनोद केला नाही, ते मला जरा चुकल्यासारखं वाटलं.

रविवारी पहाटेच सांबर उतरवून गाडी तळावर आणली होती, आणि मी अंडी फोडत होते. व्हर्नला मी त्या दिवशी त्याच्या वाटेवर जाऊ दिलं नव्हतं, तो जाळाशी बसून सुरी परजत होता. क्लॅरीच्या डोंगरावरून गोळीचा आवाज आला. एकच गोळी. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. वायरलेस खरखरला, मग गप्प झाला, मग परत खरखरला. क्लॅरीला शब्द सापडत नव्हते, हे तेवढ्या लांबूनही कळत होतं.

"पडलं," तो शेवटी म्हणाला. "मोठं आहे. मला एकट्याला जमायचं नाही. या सगळे."

लेसचा आवाज आला, आलो. बेव्हनचा आला, आलो, पण हळू. व्हर्न उठला, चढावर हादरू नये म्हणून त्याने खोबणीतून खांब काढला, आडवा हात सोडवला आणि तो गाडीत टाकायला उचलला. तसं काही जड नव्हतं ते, काल त्यानेच एकट्याने बसवलं होतं. पण उचलता उचलता तो थांबला.

"एक टोक धर गं," तो म्हणाला. मी अंडी बाजूला ठेवली आणि धरलं.